हाँगकाँग धरून आखलेल्या चीन सहलीसाठी एकाच प्रवेशाचा व्हिसा काढल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
परदेश सहल व व्हिसा विभाग

विषय: चुकीचा अर्ज, चुकीचे माहितीपत्रक आणि झालेल्या खर्चाची भरपाई

महोदय,

यंदाच्या मार्चमधील तुमच्या बीजिंग–शिआन–शांघाय–हाँगकाँग–ग्वांगझू सहलीतील आम्ही आठ प्रवासी हे पत्र मिळून लिहीत आहोत. सहलीत असतानाच तोंडी तक्रार केली होती, परतल्यावर ई-मेलही केली. त्यावर तुमच्याकडून आलेले तीन ओळींचे उत्तर आम्हाला मान्य नाही. म्हणून सगळे मुद्दे लेखी देत आहोत.

मूळ चूक एका आकड्याची आहे. आमच्या पासपोर्टवर ‘एल’ प्रवर्गाचा, म्हणजे पर्यटकाचा व्हिसा आहे. त्यावर ‘प्रवेश’ या रकान्यात ०१ छापले आहे. तुम्हीच आखलेल्या कार्यक्रमाला तिथे ०२ हवे होते. बीजिंगला उतरलो तो पहिला प्रवेश. शांघायच्या पुडोंग विमानतळावरून हाँगकाँगचे विमान पकडताना चिनी इमिग्रेशनने बाहेर पडल्याचा शिक्का मारला आणि व्हिसा तिथेच संपला. ‘या तारखेपूर्वी प्रवेश’ ही मुदत अजून पुढे होती, मुक्कामाचे दिवसही शिल्लक होते, पण प्रवेशच उरला नसेल तर या दोन्हींचा काही उपयोग नसतो. दोन दिवसांनी वेस्ट कौलून स्थानकावर ग्वांगझूची गाडी पकडायला गेलो, तेव्हा चिनी तपासणी नाक्यावरून आठही जणांना परत पाठवले गेले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या स्थानकात हाँगकाँगमधून बाहेर पडण्याची आणि मुख्य चीनमध्ये शिरण्याची अशा दोन्ही तपासण्या एकाच इमारतीत होतात. नाक्यावरच्या अधिकाऱ्याचे काहीच चुकले नाही, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

तुमच्या प्रतिनिधीने बुकिंगच्या वेळी सांगितले होते की हाँगकाँग चीनमध्येच आहे, वेगळे काही लागत नाही. चीन सहली विकणाऱ्या कंपनीकडून हे वाक्य यावे, हे आम्हाला फार गंभीर वाटते. हाँगकाँग १९९७ मध्ये चीनकडे आले, तरी त्याची सीमा, इमिग्रेशन, जकात आणि चलन आजही वेगळे आहे. मुख्य चीनमधून हाँगकाँगला किंवा मकावला जाणे हे व्हिसाच्या हिशेबात चीन सोडणेच असते. परत आत यायचे असेल तर दुसरा प्रवेश लागतो. शिवाय भारतीय पासपोर्टधारकाला हाँगकाँगसाठी आगमनपूर्व नोंदणी करावी लागते. जानेवारी २०१७ पासून हा नियम आहे. नोंदणी ऑनलाइन होते, तिला शुल्क नाही, ती सहा महिने चालते आणि प्रत्येक वेळी १४ दिवसांपर्यंत राहता येते. मात्र तिची पावती कागदावर छापून जवळ बाळगावी लागते. तुमच्या माहितीपत्रकात या नोंदणीचा एका शब्दानेही उल्लेख नाही. आमच्यापैकी एकाला हा नियम ठाऊक होता, म्हणून आठही जणांची नोंदणी आम्हीच केली. ती नसती तर पुडोंगच्या चेक-इन काउंटरवरच अडकलो असतो.

आता तुमच्या उत्तराबद्दल. ‘व्हिसा देणे अथवा नाकारणे हा वाणिज्य दूतावासाचा अधिकार असून कंपनी त्यास जबाबदार नाही’ हे करारातले कलम तुम्ही पुढे केले आहे. ते कलम नकारासाठी आहे, आणि आमचा व्हिसा कोणीही नाकारला नाही. अर्जात जेवढे मागितले, तेवढे दूतावासाने दिले. चीनच्या व्हिसा अर्जात किती प्रवेश हवेत याचा स्वतंत्र प्रश्न असतो आणि दिवसवार कार्यक्रमही भरायचा असतो. अर्ज तुमच्या कार्यालयाने ऑनलाइन भरला, आमच्याकडून फक्त शेवटच्या पानावर सही घेतली. भरलेल्या अर्जाची प्रत आम्ही मागितली, तेव्हा ‘ती देण्याची पद्धत नाही’ असे उत्तर मिळाले. परतल्यावर पुन्हा मागून मिळवली, तेव्हा कळले की ‘एक प्रवेश’ या चौकटीत खूण आहे आणि कार्यक्रमाच्या रकान्यात शांघायच्या पुढे काहीच लिहिलेले नाही. दोन प्रवेश मागितले असते तर ते मिळालेच असते असे आम्ही म्हणत नाही. कमी प्रवेश देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला असतो. पण तसे झाले असते तर ते मुंबईतच समजले असते आणि हाँगकाँग शेवटी ठेवून कार्यक्रम फिरवता आला असता. बीजिंग, शिआन, शांघाय, ग्वांगझू आणि मग हाँगकाँगहून घरी, या क्रमाने गेले तर एकच प्रवेश पुरतो. इतकी साधी पर्यायी आखणी तुमच्या विभागात कोणाला सुचायला हवी होती.

‘व्हिसा तपासणे ही प्रवाशाची जबाबदारी’ असेही तुम्ही लिहिले आहे. हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. पण तपासायला पासपोर्ट हातात लागतो. तो आम्हाला निघायच्या रात्री, विमानतळाच्या दारात मिळाला. साधा व्हिसा अर्ज दिल्यापासून साधारण चार कामाच्या दिवसांत तयार होतो आणि आमचे पासपोर्ट दोन महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे होते. आठवडाभर आधी जरी हातात आले असते, तरी चूक सुधारायला वेळ होता. व्हिसाची मुदत अर्जाच्या घाईमुळे आणखी कशी धोक्यात आली तेही पाहा. एका प्रवेशाचा व्हिसा बहुधा दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांपर्यंत वापरता येतो. त्या तारखेच्या आत चीनमध्ये शिरायचे असते, बाहेर पडायचे नसते. मुक्कामाचे दिवस प्रवेशाच्या दुसऱ्या दिवसापासून स्वतंत्रपणे मोजतात. तुम्ही इतक्या लवकर व्हिसा काढलात की सहल पंधरवडाभर पुढे गेली असती तर तो वायाच गेला असता. वर तुमच्या टूर मॅनेजरने त्या तारखेचा अर्थ ‘तोवर देश सोडा’ असा सांगून दोन ज्येष्ठ प्रवाशांना उगाच काळजीत टाकले.

हाँगकाँगमध्ये अडकल्यावर तुमच्या आपत्कालीन क्रमांकावरून जे सल्ले मिळाले, त्यांचा हिशेब इथे देणे भाग आहे.

पहिला सल्ला: ‘चीनमध्ये आता २४० तास व्हिसाशिवाय राहता येते, तसे सांगा.’ ही सवलत १७ डिसेंबर २०२४ पासून १० दिवसांची झाली, हे खरे आहे. पण ती ठरावीक देशांच्याच पासपोर्टला मिळते. जून २०२५ मध्ये इंडोनेशियाची भर पडल्यावर ती यादी ५५ देशांची झाली आणि भारत तीत नाही. हायनान बेटाच्या ३० दिवसांच्या सवलतीतही भारत नाही. रांगेत उभे राहून हे कारण सांगायला लावणे म्हणजे तपासणीच्या वेळी आमची अडचण वाढवणे होते.

दुसरा सल्ला: ‘हाँगकाँगमध्येच नवा व्हिसा काढा.’ तो दिवस रविवार होता. व्हिसा कार्यालय सोमवारी उघडणार, अर्जाला काही कामाचे दिवस लागणार आणि आमचे ग्वांगझू–दिल्ली विमान मंगळवारी रात्रीचे.

तिसरा सल्ला तुम्ही दिलाच नाही, आणि खरे तर तोच कामाचा होता. चीनची २४ तासांची संक्रमण (ट्रान्झिट) सवलत जवळपास सर्व देशांच्या नागरिकांना आहे, भारतीयांनाही. अट अशी की एका देशातून वा प्रदेशातून येऊन तिसऱ्या ठिकाणी जायचे असावे आणि २४ तासांच्या आतले पक्के पुढचे तिकीट हातात असावे. या हिशेबात हाँगकाँग वेगळा प्रदेश धरला जातो. हाँगकाँग–ग्वांगझू–दिल्ली हा प्रवास त्यात बसतो. रविवारी आम्ही या अटीत बसत नव्हतो, कारण पुढचे विमान दोन दिवसांनी होते. आम्हाला मंगळवारपर्यंत हाँगकाँगमध्ये थांबायला सांगून त्याच दिवशी ग्वांगझूला जाऊ दिले असते, तर निदान परतीची तिकिटे वाचवण्याची संधी होती. शेवटचा निर्णय सीमेवरच्या अधिकाऱ्याचा असतो, पण विचारून पाहण्यासारखा तेवढाच एक मार्ग होता. चीनच्या इमिग्रेशन प्रशासनाची १२३६७ ही मदतवाहिनी चोवीस तास चालते आणि तिच्यावर इंग्रजीत बोलता येते. तुमच्या माणसाने एक फोन केला असता तर हे कळले असते. त्याऐवजी ‘तिकिटे तुमची तुम्ही घ्या, नंतर बघू’ असे सांगण्यात आले. ऐनवेळच्या दराने घेतलेल्या हाँगकाँग–मुंबई तिकिटांच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत.

माहितीपत्रकातल्या इतर चुका खर्चाच्या मानाने लहान आहेत. पण पुढच्या गटालाही तोच कागद दिला जाणार आहे, म्हणून लिहितो. त्यात आरोग्य घोषणापत्र भरायला सांगितले आहे. ते १ नोव्हेंबर २०२३ पासून बंद झाले. उलट २० नोव्हेंबर २०२५ पासून आगमन कार्ड घरबसल्या ऑनलाइन भरता येते, याचा उल्लेखच नाही, त्यामुळे बीजिंगला उतरल्यावर सगळा गट उभ्याने कागदी कार्डे भरत राहिला. ‘२४ तासांत पोलिस ठाण्यात नोंदणी करा’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. नियम आहे, पण हॉटेलात उतरणाऱ्याची नोंदणी हॉटेलच पासपोर्ट पाहून करते. स्वतः जावे लागते ते कोणाच्या घरी राहिले तर. फोटोचे माप चुकीचे दिल्याने सगळ्यांना दुसऱ्यांदा फोटो काढावे लागले. चीनच्या व्हिसाला ३३ मिलिमीटर रुंद आणि ४८ मिलिमीटर उंच, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो लागतो. तुम्ही ३५ बाय ४५ सांगितले होते.

पॉवर बँकेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ‘३सी’ हे चिनी प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ते चिन्ह नसते. मुंबईहून निघताना कोणी अडवत नाही, कारण तो नियम तिथे लागू नाही. अडचण येते ती बीजिंग–शिआनसारख्या आतल्या उड्डाणाला. आमच्या तीन पॉवर बँका तिथे काढून घेतल्या गेल्या. ज्यांच्या फोनमध्ये तिकिटे, हॉटेलचा चिनी पत्ता आणि पैसे भरण्याचे ॲप असे सगळेच असते, त्यांच्यासाठी ही साधी गैरसोय नाही.

आणि गटाचा सगळा संपर्क तुम्ही व्हीचॅटवर ठेवला होता. त्या ॲपवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. निघण्यापूर्वी ते कोणालाच सुरू करता आले नाही, त्यामुळे गाडी बदलल्याचा निरोप चार जणांना मिळालाच नाही.

आमच्या मागण्या अशा. ग्वांगझूच्या दोन रात्री, तिथला स्थानिक कार्यक्रम, न वापरलेली रेल्वेची आणि ग्वांगझू–दिल्ली–मुंबई विमानाची तिकिटे यांचे पूर्ण पैसे परत करावेत. हाँगकाँगमधील जादा रात्रीचा आणि हाँगकाँग–मुंबई तिकिटांचा खर्च द्यावा. व्हिसा सेवाशुल्क आठही जणांना परत करावे आणि व्हिसा केंद्रात प्रत्यक्ष भरलेल्या शुल्काच्या पावत्या दाखवाव्यात. प्रवेश वाढले की व्हिसाचे शुल्क वाढते, त्यामुळे तुम्ही कोणते शुल्क भरले हे कळण्याचा आम्हाला हक्क आहे. प्रत्येकाची रक्कम सोबतच्या तक्त्यात मांडली आहे. पुढील सहलीवरची सवलत किंवा कूपन आम्ही स्वीकारणार नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार आम्ही राहत असलेल्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल करू. अर्जाची प्रत, व्हिसाची छायाचित्रे, शिक्क्यांची पाने आणि तुमच्या आपत्कालीन क्रमांकावरील संदेश एकत्र करून ठेवले आहेत.

एक गोष्ट मात्र १५ दिवस थांबू नये. हीच सहल तुम्ही मे महिन्यातही त्याच क्रमाने जाहीर केली आहे आणि त्या प्रवाशांचे पासपोर्ट आज तुमच्या कपाटात असतील. ते उघडून ‘प्रवेश’ या रकान्यातला आकडा पाहावा. जिथे ०१ असेल तिथे नव्याने अर्ज करावा, नाहीतर हाँगकाँग शेवटी न्यावे, आणि काय केले ते त्या प्रवाशांना फोन करून कळवावे. त्यांची नावे आम्हाला माहीत नाहीत, नाहीतर आम्हीच कळवले असते.

आपले,
मार्च सहलीतील आठ प्रवासी

सोबत: व्हिसा अर्ज व व्हिसाच्या प्रती, पावत्या, रकमेचा तक्ता, संदेशांच्या छापील प्रती