राजीनामा दिलाय, टेन्शन घेऊ नका

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा एकदम गप्पच झाले म्हणून लिहितेय, फोनवर मला नीट सांगता येत नाही आणि मग मी उगाच चिडते.

बाबा, तुम्ही जिल्हा परिषदेत लागलात ते रिटायर होईपर्यंत तिथेच. साहेब कितीही खडूस आला तरी आज ना उद्या त्याची बदली होणार हे तुम्हाला माहीत असायचं, आणि शेवटी पेन्शन होतीच. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना तर सरकारातही ती जुनी पेन्शन नाही, त्यावरून मार्च 2023 मध्ये केवढा संप झाला, मग आमच्या आयटीत कोण कशाला चिकटून राहील?

तरी राहतात हां लोक. माझ्या शेजारची मुलगी प्रेग्नंट आहे, 26 आठवड्यांची पगारी रजा हवी तर त्याआधीच्या बारा महिन्यांत त्याच कंपनीत 80 दिवस भरलेले लागतात, म्हणून ती आता हलणार नाही. कोणाचं होम लोन असतं, कोणाला नुसती टीम बरी मिळालेली असते. मी टीमसाठीच राहिले.

मागच्या वर्षी एक मुलगा जॉइन झाला, त्याला काम मीच शिकवलं आणि पगार माझ्याहून जास्त. बाहेरून माणूस आणायचा तर बाजारभाव मोजावा लागतो, आतल्यांसाठी मात्र बजेट नसतं, हे सगळीकडेच चालतं म्हणून गिळलं. मग अप्रेझलला मॅनेजर म्हणाला काम टॉप आहे गं पण बेल कर्व्हमध्ये बसवावं लागतं (म्हणजे वरचं रेटिंग ठराविक लोकांनाच), आणि हे बोलताना साहेब दुसऱ्याच कोणाशी चॅट करत होते, मान वर नाही. राजीनाम्याचा मेल गेल्यावर मात्र तासाभरात स्वतः कॉफीला घेऊन गेला, मी मागत होते त्याहून जास्त वाढ द्यायला तयार! म्हणजे पैसे होते की. तिथे माझं पक्कं झालं.

आई, तुझा प्रश्न पीएफचा असणार. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो, पैसे ट्रान्सफर होतात. पाच वर्षं झाल्यामुळे ग्रॅच्युइटीही मिळेल, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा बेसिक. नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे, तो संपला की नवीन ठिकाणी जॉइन व्हायच्या आधी आठवडाभर घरी येतेय, बाबांना काय भांडायचंय ते तेव्हा भांडू देत.

तुमची,
छकुली