राजीनाम्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरकपातीच्या बातम्यांत आकडा येतो तो कंपनीने काढलेल्यांचा. ज्यांच्याकडून 'स्वखुशीने' राजीनामा लिहून घेतला जातो, ते त्यात मोजलेच जात नाहीत. हिंजवडीतल्या आयटी कंपनीत काय किंवा चाकणच्या कारखान्यात काय, पद्धत ठरलेली असते. साहेब चार-सहा वेळा 'काढून टाकीन' म्हणतात आणि मग एके दिवशी एचआर आत बोलावते. मोबाइल बाहेर ठेवायला सांगतात. टेबलावर टाइप केलेला कागद तयार असतो, 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द त्यात आधीच घातलेले. आत्ता सही करा, नाहीतर टर्मिनेट करू, अनुभवपत्रही मिळणार नाही, असे सांगितले जाते.

कंपनीला हा कागद इतका का हवा असतो, हे आधी समजून घ्यायला हवे. वर्षभर सलग (म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस) काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. आठ वर्षे झालेल्या माणसाचे हे १२० दिवसांचे वेतन होते, नोटीस वेगळी. राजीनाम्यावर सही झाली की हा हक्क गेला. नंतर 'दबाव होता' म्हटले, तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावरच येते.

म्हणून त्या खोलीत एवढेच म्हणावे, 'विचार करून लेखी कळवतो', आणि उठावे. वाद घालू नये, आवाज चढवू नये, कारण तेवढ्यावरूनच गैरवर्तनाचा ठपका तयार होतो. पोच म्हणून सही मागितली, तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात 'प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही' असे लिहून तारीख व वेळ टाकावी. कामगिरी सुधारण्याच्या नावाखाली ३० किंवा ६० दिवसांचा पीआयपी (कामगिरी सुधारणेचा आराखडा) हातात ठेवतात, त्यावरही हेच लिहावे.

त्याच दिवशी साहेबांना आणि एचआरला ईमेल जायला हवा. 'आज दुपारी सव्वातीनला मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले. मी राजीनामा देऊ इच्छित नाही व कामावर हजर आहे.' दोन वाक्ये पुरेत. तोंडी धमकीला कोर्टात वजन नसते. तिच्याबद्दल त्याच दिवशी लिहिलेल्या आणि उत्तर न आलेल्या ईमेलला असते. इथे एक चूक फार जण करतात. घाबरून ऑफिसच्या फाइली, ग्राहकांचा डेटा स्वतःच्या ईमेलवर पाठवतात आणि कंपनीच्या हाती बडतर्फीचे खरे कारण देतात. स्वतःचे नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, वेतनवाढीची पत्रे आणि हजेरी एवढेच जवळ ठेवावे.

दुसरी चूक म्हणजे चिडून घरी बसणे. तसे केले की 'काम सोडून गेला' असे दाखवता येते. 'उद्यापासून येऊ नकोस' म्हटले तरी दुसऱ्या दिवशी वेळेवर जावे. कार्ड बंद केले असेल, गेटवर अडवले, तर तिथूनच ईमेल करावा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवावी.

कारणे दाखवा नोटीस आली, तर तिला मुदतीत लेखी उत्तर द्यावेच. गप्प राहणे म्हणजे कबुली, असा अर्थ लावला जातो. वेळ कमी असेल तर कागदपत्रांच्या प्रती आणि मुदतवाढ लेखी मागावी.

सही करून बसलेल्यांनीही लगेच हात टेकू नयेत. राजीनामा अमलात येण्यापूर्वी मागे घेता येतो, त्यामुळे त्याच संध्याकाळी 'दबावाखाली दिला, मागे घेत आहे' असा ईमेल करावा. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामावर परत घेण्याचा आदेश दिला. राजीनामा मंजूर केल्याचे पत्र कार्यालयातच राहिले होते, ते त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

'पीएफ अडकवू, ग्रॅच्युइटी बुडेल' या धमक्यांना भिऊन तर मुळीच सही करू नये. पीएफ कंपनीच्या ताब्यात नसतो. कंपनीने पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती सभासदाला स्वतः ऑनलाइन भरता येते. पाच वर्षे झालेल्याची ग्रॅच्युइटी बडतर्फीनेही आपोआप जात नाही. आणि राहिलेला पगार, राजीनामा असो वा बडतर्फी, दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. 'फुल अँड फायनलला (म्हणजे अखेरच्या हिशेबाला) ४५ दिवस लागतात' हे उत्तर पगारापुरते तरी आता चालत नाही.

'तू मॅनेजर आहेस, तुला कामगार कायदा नाही' हेही सर्रास ऐकवतात. पदनाम काहीही असो, पाहिले जाते ते प्रत्यक्ष काम. देखरेखीचे काम आणि पगार महिना १८,००० रुपयांच्या वर असेल, किंवा खरोखर व्यवस्थापनाचे काम असेल, तर कामगाराची व्याख्या लागू होत नाही. अशांनी नेमणूकपत्रातील नोटिशीचे कलम धरून भांडावे. प्रसूती रजेवर असताना काढणे मात्र पद कोणतेही असले तरी बेकायदा आहे. आणि नोकरीची धमकी लैंगिक मागणीशी जोडलेली असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली कंपनीतल्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करता येते.

काढलेच, तर एकट्या कामगारालाही वाद उपस्थित करता येतो. त्यासाठी युनियन असलीच पाहिजे असे नाही. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यावा. नव्या संहितेत समेटासाठी (म्हणजे सरकारी अधिकाऱ्यापुढच्या तडजोडीसाठी) वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांची मर्यादा आहे, पण इतके थांबू नये. साक्ष देणारे सहकारी तोवर दुसरीकडे गेलेले असतात. वकिलाची फी परवडत नसेल, तर न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. मोफत वकील मिळण्यास पात्र असलेल्यांच्या यादीत औद्योगिक कामगार आणि सर्व स्त्रिया येतात. जाताना नेमणूकपत्र आणि तो पहिला ईमेल छापून न्यावा.

आपला,
एक वाचक, चिंचवड