मळा विकायच्या आधी

बेळगाव
रविवार, १८ मे २०२५

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "मळ्यातली वीस गुंठं काढून टाकतो, सोनूच्या शिक्षणाचं मार्गी लागंल," आणि मला पुढं बोलताच येईना. रेंज नाही म्हणून मी फोन ठेवला. रेंज होती. दोन रात्री नीट झोप लागलेली नाही. आज सवड आहे म्हणून सविस्तर लिहायला बसले. सोनूलाच हे वाचून दाखवायला सांगा. दादा-वहिनीलाही जवळ बसवा.

दादाची काळजी मला कळते. सोनूला पीयूसीला (म्हणजे बारावीला) चांगले मार्क पडले, सीईटीचा निकाल अजून यायचा आहे, आणि तेवढ्यात तो एजंट घरी येऊन कॉम्प्युटर सायन्सची मॅनेजमेंट कोट्यातली सीट "आत्ताच धरून ठेवा" म्हणून सांगून गेला. निकालाच्या आधी सीट धरायला लावणारा माणूस आपल्या घाईवर पोट भरतो. बाबा, पावसाच्या तोंडावर दलाल तंबाखूचा भाव पाडायला कसे यायचे, हे तुम्हीच मला सांगितलंय. याच भावासाठी तुम्ही आपल्या निपाणीच्या १९८१ च्या आंदोलनात हायवेवर जाऊन बसला होता. मग पोरीच्या बाबतीत एका दिवसात कबूल का झालात?

आणि सोनूला इंजिनिअरिंग नकोच आहे. दिवाळीत माळ्यावरची भांडी काढताना तिनं मला सांगितलं, आत्या, मला फिजिक्स शिकायचंय आणि पुढं शिकवायचंय. (सोनू, थांबू नकोस, वाच.) तुम्हाला सांगायला ती भिते. शिकवायचं म्हणजे आत्यासारखं आयुष्य काढायचं, असं तिला वाटतं. तिची भीती खोटी नाही, म्हणून माझं आजवर न सांगितलेलं आज सांगते.

मी अतिथी व्याख्याती आहे, तेरा वर्षं झाली. दरवर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं यादी, आणि वर्कलोड असेल तरच काम. सुट्टी लागली की पगार थांबतो. मे महिन्यात माझे पैसे का येत नाहीत याला मी इतकी वर्षं बँकेचं कारण देत आले. कारण हे आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्यभरचे अतिथी व्याख्याते कायम करा म्हणून संपावर गेले, तेव्हा मीही होते. बरेच आठवडे वर्ग रिकामे राहिले, आणि त्याचा भार आमच्याहून जास्त पोरांवर पडला. परीक्षेच्या आधी एक मुलगी वही घेऊन खोलीवर आली होती. तिला शिकवताना मला माझीच लाज वाटत होती, आणि संपावर गेले ते चुकलं असंही वाटत नव्हतं. अजून वाटत नाही.

महाराष्ट्राची सेट, म्हणजे प्राध्यापक व्हायची राज्याची पात्रता परीक्षा, पास झाले तेव्हा आईनं गल्लीभर पेढे वाटले. तेव्हा मी तुम्हाला एक सांगितलं नाही. जून २००२ नंतरची सेट ज्या राज्याची, त्याच राज्यात चालते. मराठी विषयात, मराठीतून दिलेली माझी परीक्षा निपाणीच्या वेशीवर, महाराष्ट्राच्या हद्दीशीच संपते. म्हणून या वयात देशभर चालणाऱ्या नेटला बसले. १८ जून २०२४ ला देशभरात नऊ लाखांहून जास्त जणांनी ती परीक्षा दिली आणि दुसऱ्या दिवशी सरकारनं ती रद्द केली. पेपर फुटल्याचा संशय होता. ज्या स्क्रीनशॉटवरून हे सगळं झालं तो बनावट होता, असं सीबीआयनं पुढं सांगितलं. ऑगस्ट-सप्टेंबरात परत परीक्षा झाली आणि मी पास झाले. ते पेढे खरे होते, आई. पण कायम जागांची जाहिरात आल्याशिवाय त्या प्रमाणपत्राचा उपयोग नाही.

हे एकट्या माझं दुखणं नाही. या फेब्रुवारीत नीती आयोगाचा राज्य विद्यापीठांवरचा अहवाल आला, त्यात अध्यापकांची ४० टक्क्यांहून जास्त पदं रिकामी असल्याचं म्हटलंय. आपल्या देशात कॉलेज शिकणारी बहुतेक पोरं याच विद्यापीठांखाली शिकतात. उसाच्या फडात दहापैकी चार सऱ्या मोकळ्या राहिल्या तर बाबा तुम्ही रात्रभर झोपणार नाही. इथं ते वर्षानुवर्षं चाललंय.

आता सोनूपुढच्या दोन वाटा. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज आपल्या घरापासून चालत जाण्यासारखं. तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, विद्यापीठ शिवाजी, आणि पिन कोड निपाणीचा. गावातलं बागेवाडी कॉलेज बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली येतं. लहानपणी आपण ही हद्द चालता चालता ओलांडायचो आणि कळायचंही नाही. आता ती पोरांच्या डिग्रीत आली आहे.

नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पदवीला लागू करायला कर्नाटक सगळ्यांच्या पुढं होतं. २०२१ मध्ये चार वर्षांची डिग्री आली. मग सरकार बदललं. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्याच्या स्वतःच्या धोरणासाठी आयोग नेमला गेला, आणि मे २०२४ मध्ये परत तीन वर्षांची डिग्री झाली. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांत चार वर्षांची डिग्री सुरू झाली तीही २०२४ मध्येच. ज्या वर्षी वेशीच्या अलीकडं ती थांबली, त्याच वर्षी पलीकडं सुरू झाली. एका गल्लीतल्या दोन मैत्रिणी, एकीला तीन वर्षं, दुसरीला चार.

याचा अर्थ वर्गात काय होतो ते मी बघितलंय. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला एक अभ्यासक्रम, दुसऱ्या-तिसऱ्याला दुसरा. पुस्तकं वेळेवर नाहीत, म्हणून मी झेरॉक्सवर शिकवलं. चार वर्षांच्या हिशेबानं आलेल्या पोरांना आमच्या कॉलेजात चौथं वर्ष मिळालंच नाही. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, आमच्या डिग्रीला पुढं किंमत राहील न्हवं?" राहील, असं मी सांगितलं, आणि ते खरंही आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची डिग्री कुठं जात नाही. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या मनात हा प्रश्न यावा, याचा मला अजून राग आहे. धोरण तीन वर्षांचं असो की चारचं, दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. आपल्यासारख्या घरात एक वर्ष जास्त म्हणजे एक वर्षाची फी, खोलीभाडं आणि थांबलेली कमाई, म्हणून मला स्वतःला तीन वर्षं बरी वाटतात. पण आत घेतलेल्या पोरांना मधेच वाट बदलायला लावणं कुठल्याच बाजूनं बरोबर नाही.

सोनूपुरता हिशेब सांगते. चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के पडले तर एम.एस्सी. न करता नेटला बसता येतं आणि पीएच.डी.लाही जाता येतं. तीन वर्षांच्या डिग्रीनंतर दोन वर्षांची एम.एस्सी. करावी लागते. चार वर्षांनंतरची एम.एस्सी. एकाच वर्षाची, म्हणून एम.एस्सी. धरली तर दोन्हीकडं वर्षं पाचच. तिकडं देवचंदला चौथं वर्ष नको वाटलं तर तिसऱ्या वर्षाला डिग्री घेऊन बाहेर पडता येतं. इकडं पुढं विद्यापीठात एम.एस्सी. मिळाली तर विद्यापीठाचं भुतरामहट्टी निपाणीहून बेळगावला येताना हायवेवरच लागतं, आणि शक्ती योजनेमुळं कर्नाटकच्या बसला तिला तिकीट नाही. जून २०२३ पासून माझ्या वर्गात खेड्यातल्या मुली जास्त नियमित यायला लागल्या, हे मी माझ्या हजेरीपटावर बघितलंय. बसला गर्दी असते, पहिला तास बुडतो, तरी येतात. सरकारनं केलेल्या या एका गोष्टीबद्दल मी मनापासून आभार मानते.

विद्यापीठ उघडायचं आणि मग त्याला पैसे नाहीत म्हणायचं, तेही आपल्या शेजारीच घडतंय. जमखंडीचं बागलकोट विद्यापीठ २०२३ च्या सुमारास राणी चन्नम्मामधून वेगळं काढलं. या फेब्रुवारीत मंत्रिमंडळ उपसमितीनं त्याच्यासह नऊ नवी विद्यापीठं बंद करावीत अशी शिफारस केली. पैसा नाही, जागा नाही, माणसं नाहीत. तिथल्या कॉलेजांतली पोरं आता गुणपत्रिकेवर कोणाचं नाव येणार म्हणून वाट बघतायत. जानेवारीत यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) नव्या नियमांचा मसुदा काढला, तेव्हा कुलगुरू निवडण्यात राज्याचा हात किती यावरून राज्यं आणि केंद्र भांडायला लागली. तो वाद महत्त्वाचा आहे हे मला मान्य आहे. पण माझ्या वर्गापर्यंत येईतो त्याचा आवाजही राहत नाही. वर्गात फक्त एवढंच दिसतं, की फिजिक्सला कायम मास्तर आहे का नाही.

भाषेचं बाबांनी विचारलं होतं. २०२१ मध्ये पदवीला कन्नड सक्तीचं करणारा आदेश निघाला होता. तो उच्च न्यायालयात गेला आणि सक्ती करू नका असं न्यायालयानं अंतरिम आदेशात सांगितलं. सक्ती मला मान्य नाही, आणि मराठीचा पेपर घेणारी पोरं कमी झाली की पहिलं काम माझंच जातं, तेव्हा मला ते पोटाला लागतं. पण सोनूनं कन्नड मनापासून शिकावं. परिपत्रक वाचायला, ऑफिसात स्वतःचा अर्ज स्वतः भरायला, इथल्या कन्नड मैत्रिणींच्या घरी जेवायला बसायला. मी शिकले ते उशिरा, कार्यालयाच्या खिडकीपुढं उभं राहून, दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत. तिच्यावर ती वेळ येऊ नये. मराठी तिची कुठं जाणार नाही, तुम्ही दोघं घरात आहात तोवर तर नाहीच.

दादाला एवढं सांगा. इंजिनिअरिंगचं पुढं खरंच मनात आलं तर सीईटीची सरकारी सीट बघायची. महाराष्ट्राच्या प्रवेशातही वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. दहावी-बारावी कुठून झाली ते बघतात आणि मातृभाषेचा दाखला लागतो. हे एजंट सांगत नाही, त्याला त्यात काही मिळत नाही. कोल्हापूरकडून मुलींच्या फीमाफीच्या बातम्या येतात, त्यावर विसंबू नका. अधिवासाची अट बघायची आणि कॉलेजात लेखी विचारायचं. शैक्षणिक कर्जाचंही तसंच. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण कर्ज मिळतं, पण ते यादीतल्याच संस्थांतल्या पोरांना. एजंट सांगतो ते कॉलेज त्या यादीत आहे का, हे बघायला दहा मिनिटं पुरतात. मळा विकला की तो परत यायचा नाही.

आई, तू सूप मांडीवर घेऊन विड्या वळायचीस, आणि हजारीचे पैसे आले की माझ्या फीचे आधी बाजूला ठेवायचीस. सोनूला नेहमी सांगतेस, "तुझी आत्या माझ्या बोटांवर शिकली." मला कॉलेजनं काय दिलं असं कोणी विचारलं तर पगाराचा आकडा मी सांगणार नाही. पण दुसऱ्या वर्षाला एका सरांनी मला लायब्ररीत आत कपाटांपर्यंत जाऊ दिलं होतं, तो दिवस अजून हातात आहे. सोनूला तसा एक दिवस मिळावा एवढंच मला हवंय. तो मॅनेजमेंट कोट्यातच मिळतो असं नाही.

म्हणून बाबा, एक काम करा. तंबाखूची पारख तुम्ही कागदावर केली नाही. पान हातात घ्यायचा, मुडपून बघायचा, वास घ्यायचा, मग भाव बोलायचा. या आठवड्यात सोनूला घेऊन दोन्ही कॉलेजांत जा. फिजिक्सला कायम प्राध्यापक किती, ते विचारा. प्रॅक्टिकल आठवड्याला किती होतात, ते शिपायालाही विचारा, तो खरं सांगतो. लॅबचं दार उघडून बघा, टेबलावर धूळ असेल तर ती बोटानं बघा. लायब्ररीत पोरं बसलेली दिसतात का बघा. बोलायला सोनूला पुढं करा, तुम्ही मागं थांबा. गुडघ्याला बांधायचा पट्टा विसरू नका, पायऱ्या आहेत.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. सीईटीचा निकाल तोवर लागला तर ठीक, नाही तर निकालाशिवाय बोलू. दादानं कागद आणून ठेवले असतील तर ते देवाच्या फळीवर असू देत, मी येईपर्यंत अंगठा-सही काही नको. आईच्या डोळ्यांचं औषध इथून घेऊन येते.

तुमची लेक