राजीनाम्यानंतर कारण विचारून काय उपयोग?

मनुष्यबळ विभाग म्हणजे भरती, हजेरी आणि पगारपत्रक, ही समजूत 2020च्या टाळेबंदीने मोडली. घरूनही काम होते हे दिसल्यावर कर्मचारी पगाराइतकेच वेळेबद्दलही बोलू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये 'बर्नआउट'ची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्याची, नोंद कामाशी निगडित बाब म्हणून केली (आजार म्हणून नव्हे, हे महत्त्वाचे). म्हणजे बघायला हवी ती कामाची रचना. आपल्याकडचा उपाय मात्र अजून प्रेरणादायी व्याख्यान आणि ध्यानाचा तास!

काही मनुष्यबळ प्रमुख खरोखर बदलले आहेत. 'का चाललात?' असे निरोपाच्या वेळी विचारण्याऐवजी 'इथे राहावेसे का वाटते?' हे ते आधीच विचारतात. फ्रान्समध्ये 2017पासून 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाची वेळ संपल्यावर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काबाबत कामगार प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. कागदावर लवचीक वेळ लिहिणे सोपे आहे; रात्री दहाला संदेश पाठवणाऱ्या वरिष्ठाला कोण अडवणार? तेवढा अधिकार मनुष्यबळ प्रमुखाला आहे का, हे कंपन्यांच्या संचालकांनी एकदा सांगावे.

– एक निवृत्त मनुष्यबळ अधिकारी