गोळी अर्धी करू नकोस

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "बाबा, टीएसएच एकदम खाली आलाय, मी थायरॉइडची गोळी अर्धी केली." तुझी मीटिंग सुरू होणार होती, म्हणून गप्प बसलो. पण तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू "हो, हो" करत फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र.

आई सांगत होती, तुझ्या बॅगेत केसांच्या गोळ्यांची डबी आहे. बायोटिन नावाचं जीवनसत्त्व, 10,000 मायक्रोग्रॅम. अगं, माणसाला दिवसाला 30 मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरतं. अंड्यातून, शेंगदाण्यातून ते मिळून जातं. जास्तीचं लघवीवाटे बाहेर पडतं म्हणून लोक निर्धास्त असतात. पण बऱ्याच लॅबमध्ये थायरॉइडची तपासणीच बायोटिनच्या चिकटण्यावर चालते. रक्तात ते भरमसाट असलं की यंत्र फसतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, आहे त्याहून कमी दिसतो आणि टी-4, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, जास्त. म्हणजे गोळी जास्त होतेय असं कागद सांगतो आणि शरीराला ती कमीच पडत असू शकते. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, 2017 सालीच याबद्दल इशारा दिलाय.

तुझा रिपोर्ट चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही. सगळ्या लॅबची पद्धत सारखी नसते. पण त्या एका कागदावर गोळी अर्धी करायची नाही, सई. बायोटिन निदान दोन दिवस बंद ठेव, मग पुन्हा रक्त दे. तोवर डॉक्टरांनी लिहून दिलाय तोच डोस, आणि त्यांना फोन करून हे सगळं सांग.

केस गळतात म्हणून जीव कासावीस होतो, कळतं मला. पण थायरॉइड कमी पडला तरी केस गळतात, अंगात लोह कमी असलं तरी गळतात. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, कधी तपासलंस? लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी लागलीच, तर ती थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. सकाळची कॉफीसुद्धा लगेच नको. शकूआत्याचं उदाहरण देणार नव्हतो, पण तिनेही असंच "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडली होती ना?

बघ, पुन्हा औषधाच्या दुकानातल्या काउंटरमागून बोलायला लागलो. रागावू नकोस. तू शिकलेली आहेस, एकटी राहून सगळं निभावतेस, आम्ही चारचौघांत कौतुकाने सांगतो. शाळेतून आलीस की स्टुलावर चढून स्ट्रिपवरच्या तारखा वाचायचीस. एकदा कंपनीच्या माणसाला तोंडावर म्हणालीस, "काका, ही पुढच्या महिन्यात संपतेय, आम्हाला नको." तो बिचारा गोरामोरा झाला आणि मी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होतो. हीच मुलगी जाहिरात बघून डबी मागवते आणि मागची बारीक अक्षरं वाचत नाही, याचं मला वाईट वाटतं. वाईट म्हणजे भीतीच वाटते, खरं सांगायचं तर.

दुकानात माणसं "ताकदीचं काहीतरी द्या" म्हणत येत. आधी कोणतं औषध चालू आहे, हे विचारल्याशिवाय मी कधी काही दिलं नाही. तुला तर घरात बसून, एका बटणावर सगळं मिळतं. विचारणारं तिथे कुणी नाही.

रोहनच्या साखरपुड्याला रजा मिळतेय का ते आईला कळव, तिला साड्यांचं बघायचंय.

डॉक्टरांकडे जाशील तेव्हा डबी बरोबर ने, नुसतं "केसांची गोळी घेते" असं सांगू नकोस. आणि गोळी पूर्ण घे.

तुझा,
बाबा