'डियर सर' म्हणजे नक्की कोण?

संपादक महोदय,

हे 'महोदय' अंदाजाने लिहिलेलं नाही बरं का, तुमच्या पेपरच्या शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात संपादकांचं नाव असतं (कायद्यानेच छापावं लागतं ते), तिथे चष्मा लावून बघितलं आणि मगच लिहिलं. एवढा खटाटोप कशासाठी, तर मागच्या आठवड्यात तुमच्या करिअरच्या पानावर परदेशी युनिव्हर्सिटीला पाठवायच्या इंग्लिश अर्जाचा नमुना आला होता, त्याची सुरुवातच 'रिस्पेक्टेड सर'. माझी भाची तो जसाच्या तसा उतरवून इंग्लंडला मेल टाकणार होती, मी अडवलं.

मी साताऱ्यात एका ऑफिसात आवक-जावकला ३१ वर्षं काढली आणि माझं नाव किरण. आता यातच सगळं आलं. मिस्टर किरण म्हणून आलेल्या पत्रांचा हिशोबच नाही, आणि फोनवर बोलणं होऊन माझा आवाज ऐकलेला असला तरी पुढचं पत्र परत डियर सरच. एका सप्लायरने तर वर डियर सर लिहून खाली 'मॅडम, फोनवर ठरल्याप्रमाणे' अशी सुरुवात केली होती, तो कागद मी बरेच दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, आल्यागेल्याला दाखवायला.

आपल्याकडे रिस्पेक्टेड आलं कुठून ते मला कळतं. मराठीत मायना म्हणजे पायऱ्याच असतात, वडिलांना तीर्थरूप, मुलाला चिरंजीव, बरोबरीच्याला रा.रा., मोठ्यांना शिरसाष्टांग नमस्कार आणि बाकी सगळ्यांना स.न.वि.वि., त्यामुळे मोठ्या साहेबाला एकदम डियर म्हणायला जीभ रेटत नाही, आपल्याला ते 'प्रिय' वाटतं. पण इंग्लिश पत्रातल्या त्या डियरमधे प्रेमबिम काही नसतं हो, इन्कम टॅक्सची नोटीस पण डियरनेच सुरू होते! तिकडच्या माणसाला रिस्पेक्टेड सरचा राग येणार नाही पण विचित्र वाटतं, आणि मुळात वाचणारी बाई असली तर आदर द्यायला गेलो आणि तिला बाप्या करून मोकळे झालो असं होतं. हल्ली तर 'आर/सर' लिहितात, म्हणजे आदर द्यायचा पण पूर्ण शब्द टाईप करायचा कंटाळा.

मग लिहायचं काय? माझं म्हणणं साधं आहे, माणूस माहीत नसेल तर खुर्चीला लिहा. आपण मराठीत हेच करतो की, 'प्रति, मा. तहसीलदार' लिहिताना तहसीलदार बाई आहे का बुवा याने काही अडत नाही. तसंच डियर अ‍ॅडमिशन्स टीम, डियर हायरिंग मॅनेजर, डियर एडिटर. त्याआधी पाच मिनिटं वेबसाईटवर नाव शोधावं, सापडलं तर सर्वात उत्तम, पण नावावरून बाई-पुरुष ठरवायला जाऊ नये. आंद्रेआ इटलीत पुरुषाचं नाव आणि जर्मनीत बाईचं, आणि आमच्यासारखे किरण, सुहास तर गल्लोगल्ली. अशा वेळी मिस्टर-मिसेस काही न लावता डियरपुढे सरळ पूर्ण नाव लिहावं. बाई आहे हे नक्की माहीत असेल तर मिज (Ms.), म्हणजे लग्न झालंय का नाही ही चौकशीच नको. न्यूयॉर्क टाईम्ससारख्या पेपरने पण ते मिज १९८६ साली स्वीकारलं, आणि आपल्याकडे अजून श्रीमती लिहिलं तर काही बायका भडकतात आणि सौ. लिहिलं तर काही. असो.

काहीच कळत नसेल तर डियर सर ऑर मॅडम आहेच, जुनाट वाटतं पण चुकीचं नाही. लंडनचे वकील तर बायका भरपूर असलेल्या फर्मला पण पिढ्यानपिढ्या डियर सर्स लिहायचे, फ्रेशफील्ड्स या मोठ्या फर्मने २०१६ साली ते बंद करून डियर सर ऑर मॅडम आणलं.

टू हूम इट मे कन्सर्न मात्र अर्जावर नको. (आपल्याकडे त्याचं हूमसोएव्हर करतात, जेवढं लांब तेवढं सरकारी.) ते दाखल्यासाठी असतं, एक्सपिरियन्स लेटर किंवा बोनाफाईड जे पुढे कोणाच्या हातात पडेल ते लिहिणाऱ्याला माहीत नसतं. तुम्ही एका ठरलेल्या ऑफिसला नोकरी मागताय आणि वर 'ज्याचा कोणाचा संबंध असेल त्याला' म्हणताय, मग तो म्हणणार माझा नाही संबंध.

शेवटाचं पण नमुन्यात चुकलं होतं, वर सर आणि खाली युअर्स सिन्सिअरली. टायपिंग क्लासला आमच्याकडून घोटून घेतलेलं की दोन एस शेजारी बसत नाहीत, सर किंवा मॅडम असेल तर फेथफुली आणि नावाने लिहिलं तर सिन्सिअरली. हे ब्रिटिशांचं, अमेरिकेत जायचं असेल तर नुसतं सिन्सिअरली चालतं आणि फॉर्मल पत्रात नावापुढे कॉमाऐवजी कोलन देतात.

भाचीने शेवटी डियर अ‍ॅडमिशन्स टीम लिहून मेल टाकला, दोन मिनिटात मशीनचं उत्तर आलं, डियर अ‍ॅप्लिकंट. म्हणजे त्यांनीही खुर्चीलाच लिहिलं.

तर तेवढा नमुना दुरुस्त करून पुढच्या आठवड्यात परत छापा, कारण तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर त्या पानाचा फोटो अजून फिरतोय आणि त्यातल्या दोघींचे अर्ज या महिन्यातच जाणार आहेत.

आपली,
किरण, सातारा