काँगच्या काकांना, अप्पांच्या वतीनं

काका,

सा. न. वि. वि.

तुमच्यासाठी इंग्रजीत एक पान वेगळं पाठवलंय. हे मराठीतलं आमच्या माणसांसाठी आहे, आणि त्यातल्या काहींनी ते जरा सावकाश वाचावं. अप्पांना सावंतवाडीहून आयर्लंडला आणायचं ठरलं तेव्हा 'त्यांना दिसत नाही, मग एवढ्या लांब नेऊन दाखवणार काय?' म्हणणारे घरातलेच होते. काचबिंदूनं डोळे गेले की माणूस निकालात. सहलीच्या बसमधला गाईडही त्याच माळेतला, फक्त बोलला हसून. 'आजोबांना बसू दे गाडीतच, तुम्ही फोटो काढून या.' अप्पांना इंग्रजी कळत नाही असं त्यानं गृहीत धरलं. अप्पांना सगळं कळलं. काही न बोलता त्यांनी घडीची काठी उघडली आणि खाली उतरले.

त्या गाईडच्या तोंडी गॉलवे शहरापासून एकच विषय होता. १९५१ साली हॉलिवूडचा नट जॉन वेन इथं, काँग गावात, सिनेमाच्या शूटिंगला आला होता, त्याचा पुतळा कुठाय, दुकान कुठाय. सिनेमावर माझा राग नाही, गावाला त्यातून चार पैसे मिळतात. पण आयर्लंडचा शेवटचा महाराजा रॉरी ओ'कॉनर राजकारणातून बाजूला होऊन याच गावच्या मठात येऊन राहिला आणि ११९८ साली इथंच वारला, हे त्याला सांगावंसं वाटलं नाही. ते आम्हाला तुमच्याकडून कळलं.

मठाच्या भिंतीपाशी तुम्ही भेटलात आणि थेट अप्पांशी बोलायला लागलात. एरवी लोक मला विचारतात, 'ते चहा घेणार का?' अप्पा शेजारी उभे असतात तरी.

मग तुम्ही त्यांचा उजवा हात धरून एका जुन्या दाराच्या नक्षीवर ठेवलात. तिथून त्यांना अंगणाच्या कडेच्या कमानींकडे नेलंत आणि तोच हात एका खांबाच्या माथ्यावर ठेवलात. विचारलंत, 'सांगा, यातलं जुनं कुठलं?'

अप्पांचा जन्म सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करण्यात गेला. लाख नीट बसलीय की नाही हे ते आजही बोटानं सांगतात. ते पुन्हा दारापाशी गेले, पानांच्या कडांवरून अंगठा फिरवला, खाचेत नख घालून बघितलं. बस हॉर्न देत होती. मी चुळबुळ करत होते, तुम्ही दोघं नाही. शेवटी अप्पा म्हणाले, 'दार जुनं. त्याच्या कडा पावसानं खाल्ल्यात. खांबवाल्याचा हातही चांगला आहे हो, पण त्यानं दुसऱ्याचं बघून कोरलंय.' मी इंग्रजीत सांगितलं आणि तुम्ही खो खो हसलात. दार आठशे वर्षांचं. खांबांवरचं काम १८६० च्या आसपासचं, बिअरवाल्या गिनेस घराण्यानं मठाची डागडुजी केली तेव्हा स्थानिक पाथरवटाकडून करून घेतलेलं.

काका, डोळे गेल्यापासून लोक अप्पांना सांभाळतात, जपतात, रस्ता ओलांडून देतात. त्यांच्या धंद्यातलं मत मात्र कुणी विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. त्या एका प्रश्नासाठी हे पत्र.

बस गेली ती गेली. पुढे आम्हाला गॉलवेला पोचवायचं तुम्ही कसं जमवलंत ते सांगत बसत नाही.

नंतरचं सगळं अप्पा आता गावी रंगवून सांगतात. नदीत दगडी चौथऱ्यावर बांधलेली भिक्षूंची मासेमारीची खोली, आणि जमिनीला ठेवलेलं भोक. बसल्या जागी खालून मासा ओढायचा. मासा लागला की दोरी ओढून मठाच्या स्वयंपाकघरात घंटा वाजवायचे, असं तुम्ही सांगितलंत. आमच्या मालवणी माणसाला धर्म पटला तो तिथं! पायाखालचं पाणी ऐकत ते कितीतरी वेळ बसले. मग तुम्ही आम्हाला त्या कोरड्या कालव्यावर नेलंत. मास्क आणि कॉरिब ही दोन सरोवरं जोडायला आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षांत उपाशी माणसांकडून खोदून घेतलेला, दगडी बांधणीचा कालवा. चुनखडीच्या भेगांतून पाणी झिरपून जातं, त्यामुळे तो कधी चालूच झाला नाही. अप्पा एवढंच म्हणाले, 'पाणी कुठाय?' तुम्हीही काही बोलला नाहीत. त्या दुष्काळात दहा लाखांच्या घरात माणसं मेली.

शेतांच्या कडेचे चुन्याशिवाय रचलेले बांध हाताला लागले तेव्हा मात्र अप्पांना थेट आमच्याकडचे गडगे आठवले. आणि ज्याच्यावरून इंग्रजीत बहिष्काराला 'बॉयकॉट' म्हणायला लागले, त्या जमीनदाराच्या कारभाऱ्याचं, कॅप्टन बॉयकॉटचं घर इथून जवळच, हे कळल्यावर त्यांना आवरणं कठीण झालं. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार इथल्या कुळांनी १८८० मध्येच करून दाखवला होता. मजूर नाही, दुकानदार नाही, टपाल नाही. सुमारे पाचशे पौंडांचं पीक सैन्याच्या पहाऱ्यात काढायला दहा हजार पौंड लागले म्हणतात. वाकड्यात शिरणाऱ्याशी हे गाव असं वागू शकतं आणि वाट चुकलेल्या म्हाताऱ्याशी तसं, हे मला फार आवडलं. ११२३ साली घडवलेला, मिरवणुकीत धरायचा काँगचा क्रॉस आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे तोही जेम्स मॅकुला नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं १८३९ मध्ये पदरचे पैसे घालून विकत घेऊन दिला म्हणून. अशी माणसं असतात. बसमध्ये भेटत नाहीत, एवढंच.

अप्पा परत गेलेत आणि त्यांनी तुमच्यासाठी पार्सल पाठवलंय. लाकडी फळांची परडी आहे. दुकानात बसून प्रत्येक फळ हातात घेऊन त्यांनी निवडलं, दोन परत केली. त्यात एक पेरू त्यांनी स्वतः केलेला आहे, जुना, नजर शाबूत असतानाचा. तो कुठला हे तुम्ही हातानं ओळखायचं आहे, डोळे मिटून. उत्तर मला कळवा, मी त्यांना फोनवर सांगते. आणि केळं चावून बघू नका, आमच्याकडे पाहुण्यांनी चावलंय.

तुमची,
अप्पांची धाकटी